डेटा सेंटरचं पाणी आणि उसाची पाळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उसाच्या सिंचनातल्या एआयवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि त्यात भीडभाड ठेवली नाहीत, हे बरं झालं. इतर वाचकांसाठी गोषवारा आधी देतो. तुमचं म्हणणं असं : एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी उडतं, म्हणजे शेतात जे वाचतं ते डेटा सेंटर, म्हणजे एआय चालवणाऱ्या संगणकांचं केंद्र, पिऊन टाकतं. ‘निम्मं पाणी वाचतं’ ही बचत ठिबकची आहे, एआयची नाही. काळ्या रानात सेन्सर खोटं बोलतात. आणि समजा पाणी वाचलंच, तर त्यावर शेजारच्या रानात आणखी ऊस उभा राहतो. शेवटी तुम्ही विचारलंत, की मग हे घ्यावं की घेऊ नये.

पहिला मुद्दा चुकला आहे. दुसरा पूर्ण बरोबर आहे आणि चूक माझ्या लेखाची आहे. तिसरा अर्धा बरोबर. चौथ्याला लेखात उत्तरच नव्हतं.

अर्ध्या लिटरची बाटली आधी बाजूला करू. हा आकडा २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी काढलेल्या अंदाजातला. तो जीपीटी-३ या मॉडेलचा होता, त्यात वीजनिर्मितीला लागणारं पाणीही धरलं होतं, आणि अर्धा लिटर होता १० ते ५० उत्तरांमागे. फॉरवर्ड होता होता ‘१० ते ५०’ गळून पडलं. पुढच्या वर्षी शंभर शब्दांच्या एका ईमेलला अर्धा लिटर असाही अंदाज छापून आला, पण त्यात त्या ईमेलसाठी १४० वॅट-तास वीज गृहीत धरली होती. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनीचे आकडे जाहीर केले : मजकुराच्या मध्यम प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी. हे पाणी फक्त थंड करण्याचं आहे, वीजकेंद्राचं त्यात नाही. ते आपण घालू. जुन्या औष्णिक केंद्रांना २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने युनिटमागे, म्हणजे हजार वॅट-तासांमागे, साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या हिशेबाने ०.२४ वॅट-तासाला साधारण ०.८४ मिलिलिटर. दोन्ही मिळून एक मिलिलिटरच्या थोडं वर, म्हणजे वीसबावीस थेंब. आकडा कंपनीनेच दिलेला आहे, आणि चित्र, व्हिडिओ किंवा लांबलचक ‘विचार’ करणाऱ्या मॉडेलचा खर्च याहून बराच जास्त असतो, हे धरूनही बाटली काही भरत नाही.

पण थेंबांवर बोट ठेवून कुणी ‘बघा, काहीच खर्च नाही’ म्हणालं, तर तेही मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० चा त्यांचा अंदाज ९४५ अब्ज युनिटचा आहे. १०० मेगावॅटचं एक डेटा सेंटर घ्या. ८० टक्के भाराने वर्षभर चाललं तर ७० कोटी युनिट. आपल्या ग्रिडवर युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला ५ लाख टन. पाण्याचं बघा. तीन चतुर्थांश वीज कोळशाची धरली तर वीजकेंद्रांत सुमारे १८ लाख घनमीटर. आणि डेटा सेंटर बाष्पीभवनाच्या कुलिंग टॉवरवर चालत असेल, तर युनिटमागे १.८ लिटरने आणखी साडेबारा लाख. एकूण ३१ लाख घनमीटर. पाटपाण्याच्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर लागतं, म्हणजे हे सगळं पाणी १५५ हेक्टर उसाचं. एका बऱ्या गावातला ऊस!

तेव्हा नदीखोऱ्याच्या हिशेबात डेटा सेंटरचं पाणी हा मोठा राक्षस नाही. शहराच्या हिशेबात मात्र आहे. ते साडेबारा लाख घनमीटर महापालिकेच्या पाइपातून, पिण्याच्या दर्जाचं, भर मे महिन्यातही जातं. माणशी १३५ लिटरच्या निकषाने ते २५ हजार लोकांचं रोजचं पाणी होतं. नवी मुंबईत असं केंद्र येत असेल तर विचारायचा प्रश्न ‘किती पाणी’ एवढाच नाही. ‘कुठलं पाणी’ हाही आहे, प्रक्रिया केलेलं सांडपाणी की नळाचं. आणि त्याहून मोठा प्रश्न त्या ५ लाख टनांचा, म्हणजे कोळशाचा. तुम्ही पाण्यावर एवढे अडलात की कोळसा निसटला.

आता माझ्या लेखाची उणी बाजू, कारण तिथे तुम्ही सांगितलंत त्याहूनही वाईट अवस्था आहे. ‘शेतातली बचत डेटा सेंटरचा खर्च भरून काढते’ असं जे सुचवलं जातं, ते गणित करून पाहू. पाच फुटी सरीत एका एकरात सुमारे २,६५० मीटर लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, बसते. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रिपर (पाणी ठिबकायचं तोंड) धरला तर ६,६०० ड्रिपर, ताशी दोन लिटरचे. एकरी तासाला १३ हजार लिटर. मोठ्या झालेल्या आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला एप्रिलमध्ये, जेव्हा संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे हवामानामुळे गवताच्या रानातून उडणारं पाणी, दिवसाला ६ मिलिमीटर असतं, पीक गुणांक (त्याच्या किती पट पाणी हे पीक उडवतं तो आकडा) १.२५ धरून साडेसात मिलिमीटर लागतं. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर दिवसाला ३४ हजार लिटर, म्हणजे अडीच तास. पाच एचपीची मोटर ३० मीटर हेडवर, म्हणजे तेवढ्या उंचीइतक्या दाबावर, ताशी २७ हजार लिटर उचलते, म्हणून तिच्यावर एका वेळी दोन एकर चालतात. ती तासाला साडेचार युनिट खाते. एका दिवसाची एक पाळी, म्हणजे पाणी देण्याची खेप, टळली, तर एकरी साडेपाच युनिट वाचली, म्हणजे ४ किलो कार्बन डायऑक्साइड.

५ लाख टन भागिले ४ किलो : साडेबारा कोटी पाळ्या. हंगामात एकरी दहा पाळ्या टळल्या तरी सव्वा कोटी एकर ऊस हवा. महाराष्ट्रात ऊस आहे सुमारे ३५ लाख एकर. राज्यातला सगळा ऊस एआयवर घातला तरी एका मध्यम डेटा सेंटरचा धूर फिटत नाही. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत हिरवं शेत दिसलं की हा भागाकार आठवावा.

मग एआय शेतात कशाला? कारण उसाला पाणी सांगायला ते डेटा सेंटर लागतच नाही. या दोन वेगळ्या खतावण्या आहेत, आणि तुम्ही व जाहिरातवाले दोघेही त्यांची वजाबाकी करता. वर केलेलं साडेसात मिलिमीटरचं गणित साध्या मोबाइलवर होतं. त्यात एआय तीन ठिकाणी येतं : पुढच्या पाच दिवसांचं हवामान त्या गावापुरतं सुधारून घ्यायला, पीक गुणांक तक्त्यातून न घेता उपग्रहाच्या चित्रावरून प्रत्यक्ष वाढीप्रमाणे ठरवायला, आणि रानातला मागे पडलेला पट्टा दाखवायला. यातली मॉडेलं छोटी असतात. शिकवायला एखादा चांगला संगणक आणि काही तास पुरतात. हवामानाचं मॉडेल मोठं असतं, पण तिथे तर उलटंच घडलं आहे. युरोपीय मध्यावधी हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या कामात आणलेल्या एआय मॉडेलला एक अंदाज काढायला जुन्या पद्धतीच्या सुमारे हजारावा हिस्सा वीज लागते. २०२५ च्या खरिपात आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे जे संदेश पाठवले, त्यांत गूगलच्या न्यूरलजीसीएमबरोबर हे मॉडेलही वापरलं होतं. ते शिकलंय मात्र जुन्या, भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या मॉडेलांनी आणि दशकानुदशकांच्या वेधशाळांच्या नोंदींनी तयार केलेल्या माहितीवर. वेधशाळा बंद करून एआय चालवता येणार नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

‘निम्मं पाणी’ हे वाक्य मी मागे घेतो. पाटपाण्याकडून ठिबककडे आलं की ४० ते ५० टक्के पाणी कमी लागतं, आणि हे एआयच्या जन्माआधीपासून माहीत आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांबरोबर उसाचा जो प्रयोग सुरू केला, त्याच्या बातम्यांतही तुलना कशाशी आहे हे आधी पाहावं लागतं. रोप, सरीचं अंतर, ठिबक, विद्राव्य खतं, माती परीक्षण आणि एआय एकाच पॅकेजात आले की श्रेय सगळ्यात चकचकीत नावाला मिळतं. खरी तुलना अशी हवी : तेच ठिबक, तेच बेणं, तीच लागण, एका प्लॉटला शेतकरी आपल्या अंदाजाने पाणी देतो, दुसऱ्याला एआयच्या सल्ल्याने. त्या फरकाला एआयची बचत म्हणावं.

काळ्या जमिनीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण कारण सेन्सरमध्ये कमी आणि बसवण्यात जास्त असतं. भारी काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरच्या दांड्याजवळून गेली की माती सुटते, मध्ये हवा शिरते आणि स्वस्तातले कपॅसिटिव्ह सेन्सर हवेला ‘कोरडी माती’ समजतात. अ‍ॅप म्हणतं पाणी द्या, आणि दोन बोटं बाजूला ओल असते. चोपण किंवा क्षारपड रानात उलटी चूक होते, क्षारांमुळे आकडा फुगतो आणि कोरड्या जमिनीला अ‍ॅप ओली म्हणतं. म्हणून ऑगरने भोक पाडून त्याच मातीचा पातळ चिखल आत ओतायचा आणि त्यात सेन्सर बसवायचा. कोरड्या ढेकळांत दाबून बसवला की तो पहिल्या दिवसापासून बिघडलेला समजा. १५, ३० आणि ६० सेंटिमीटर खोल असे तीन सेन्सर हवेत. १५ सेंटिमीटरवरचा रोज हलतो. ६० वरचा हलायला लागला तर पाणी मुळांखाली जातंय, म्हणजे जास्त होतंय. लॅटरलपासून १५ ते २० सेंटिमीटर बाजूला, दोन ड्रिपरच्या मध्ये बसवावा. ड्रिपरच्या खालीच बसवला तर रान कायम ओलं दिसतं. आणि कंपनीचा कॅलिब्रेशनचा आकडा बहुधा रेताड मातीचा असतो. आपल्या मातीचा नमुना वजन करून, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करून जुळवून घ्यावा लागतो. हे काम फारसं कुणी करत नाही.

हवामान केंद्राचंही तेच. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कोळ्याने जाळं केलं की पाऊस पडूनही नोंद शून्य, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप चिखलात पाणी सोडायला सांगतं. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या काचेवर धूळ साचली की बाष्पोत्सर्जन कमी निघतं. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसायचं, बस्स. मशिन लर्निंगमध्ये याला उपाय नाही.

उपग्रहाबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हतीत, पण ती सांगायलाच हवी. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर! उपग्रह जवळजवळ गुंठ्यातच मोजतो. चौरस एकराच्या चाळीस ठिपक्यांतून बांधाकडचे, म्हणजे शेजाऱ्याचं हिरवं मिसळलेले, काढले की पंचवीसच्या आत उरतात. वीस मीटर रुंदीची लांबट पट्टी असेल तर हातात ठिपक्यांची एखादी ओळ. वाटण्या होऊन रानं जितकी अरुंद, तितकं हे चित्र अंधूक. शिवाय जून ते सप्टेंबर ढग. त्या काळात सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण त्यावरून हिरवेपणा कळत नाही. आणि ऊस एकदा दाटला की हिरवेपणाचा निर्देशांक वर जाऊन थबकतो. सात महिन्यांचा ऊस आणि नऊ महिन्यांचा ऊस त्याला सारखाच दिसतो.

आणि वीज. अ‍ॅपने सांगितलं उद्या सकाळी सहाला अडीच तास. पण तुमच्या फीडरवर या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे. मग ऑटो स्टार्टर लावून झोपायचं आणि लाइन आली की मोटर चालू, मध्येच डीपी उडाली तर तेही सकाळीच कळणार. एआयचा सल्ला फीडरच्या वेळापत्रकाशी जोडलेला नसेल तर तो वाचायला छान, बाकी काही नाही. भारी जमिनीत एवढी गडबड खपते, कारण ठिबकखालच्या ओल्या पट्ट्यातही तीनेक दिवसांचा साठा असतो. मुरमाड रानात एक दिवस चुकला तरी पान वळतं. हलक्या जमिनीवाल्यांनी आधी सौर फीडरची चौकशी करावी, अ‍ॅपची नंतर.

कार्बनचंच बोलायचं तर पंपापेक्षा मोठी गोष्ट गोणीत आहे. ४५ किलो युरियात २०.७ किलो नत्र. त्यातला साधारण एक टक्का नत्र मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, हा आंतरराष्ट्रीय हिशेबातला ठोकळा. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. एका गोणीमागे ८९ किलो, म्हणजे वर काढलेल्या बावीस पाळ्यांएवढे, आणि युरिया बनवताना जळलेला गॅस अजून यात धरलेला नाही. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, एकरी पावणेआठ गोण्या. टाकल्या जातात त्याहून जास्त. एआयने पाळी चुकवण्याऐवजी तिसरा हप्ता कुठल्या पट्ट्यात कमी करायचा हे नीट सांगितलं, तर पर्यावरणाचा फायदा तिथे आहे. माझ्या लेखात याचा उल्लेख एका ओळीत होता. मोजमाप चुकलं होतं.

आता तुमचा चौथा मुद्दा, जो सगळ्यात जड आहे. कोळशाच्या इंजिनांची कार्यक्षमता वाढली की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो, हे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच मांडलं होतं. सिंचनात तेच होतं, हे २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी देशोदेशींच्या अनुभवावरून मांडलं. पाटपाण्यात जे ‘वाया’ जायचं त्यातलं बरंच शेजारच्या विहिरीत, ओढ्यात पाझरायचं. ठिबकने ते थांबतं, शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावतो, आणि खालच्या गावाची विहीर जानेवारीतच तळ दाखवते. साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ असताना पंप बंद ठेवायला खिशाचं कारणही उरत नाही. यात शेतकऱ्याची चूक शोधू नये. कुणीही असाच वागेल. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचा निर्णय घेतला, पण वाचलेल्या पाण्याचं काय करायचं याचा हिशेब सक्तीचा केला नाही.

शेताच्या पातळीवर याला एआयचं उत्तर नाही, तुम्ही बरोबर आहात. उत्तर आहे ते घनमापनात, म्हणजे पाणी घनमीटरने मोजून देण्यात. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्था मोजून पाणी घेतात, आपसात वाटतात. तिथे वाचलेल्या पाण्याला मालक आहे आणि मर्यादाही. तिथे एआयचा सल्ला दिला तर बचत राहील, कारण कोटा वाढत नाही. जिथे कोटाच नाही, तिथे तोच सल्ला उसाखालचं क्षेत्र वाढवतो. आणि उपग्रहाचे जे ठिपके एका शेतकऱ्याच्या पट्टीला अपुरे पडतात, ते लाभक्षेत्रातला एकूण ऊस मोजायला पुरेसे आहेत. कुठल्या कालव्यावर किती ऊस उभा आहे आणि तो किती पाणी उडवतोय हे दर महिन्याला काढता येतं. शेतकऱ्याच्या मोबाइलपेक्षा पाटबंधारे विभागाच्या टेबलावर एआयची जास्त गरज आहे, असं माझं मत. ते आकडे तिथे कुणाला बघायचे असतात का, हा वेगळा विषय. कारखान्यासाठी उसाची नोंद करणाऱ्या चिटबॉयच्या वहीतला ऊस आणि उपग्रहाला दिसणारा ऊस जुळला नाही तर अडचण अनेकांची होते.

घ्यावं का, या प्रश्नाला उत्तर : आधी एक बादली आणि मोजपात्र घ्या. लॅटरलच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून सोळा ड्रिपर निवडा. ताशी दोन लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत १०० मिलिलिटर देतो. सोळाही आकडे लिहा, सगळ्यांत कमी चार आकड्यांची सरासरी काढा आणि तिला सोळांच्या सरासरीने भागा. भागाकार ०.८५ च्या खाली आला तर एआय राहू द्या, फिल्टर धुवा, अ‍ॅसिड ट्रीटमेंट करा, शेवटच्या टोकाचा दाब बघा. तीस टक्के ड्रिपर तुंबलेले असताना अडीच तासांचा अचूक सल्ला म्हणजे एका कडेला चिखल आणि दुसऱ्या कडेला वाळलेला ऊस. ०.९ च्या वर आला, रान भारी असलं, फीडर दिवसाचा असला, तर विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा : सेन्सर आपल्या मातीला कोण कॅलिब्रेट करून देणार, पर्जन्यमापक कोण साफ करणार, आणि वर्गणी थांबवली तर मागची नोंद माझ्याकडे राहणार का. पहिल्या दोनांना नाव आणि फोन नंबर मिळाला पाहिजे.

मूळ लेखातलं ‘निम्मं पाणी’ वाक्य दुरुस्त केलं आहे, आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिला आहे.